वानगीची बादली

मी वानगीची बादली बोलतेय. विहिरीवरची बादली वेगळी आणि वानगीची वेगळी, हे आधी नीट लक्षात घ्या, नाहीतर मला उगाच राग येतो. विहिरीवरच्या बादलीनं पाणी भरायचं. वानगीच्या बादलीनं कोरडं राहायचं, कपाटात बसायचं आणि कुणी खोटं बोललं की साक्ष द्यायची.

वानगी म्हणजे काय, हे आमच्या खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. शेतकरी कपाशीची गाडी घेऊन बाजारात येतो, मूठभर कापूस काढून दाखवतो, ती वानगी. मूठ पाहून गाडीचा सौदा होतो. गाडीच्या तळाशी काय आहे ते मुठीला ठाऊक नसतं, बिचारी. माझंही तसंच झालं होतं.

माझं गाव तापीच्या खोऱ्यात आहे. नंदुरबारहून बैलगाडीनं निघालात तर अर्ध्या दिवसात पोचता. नाव सांगत नाही, कारण ज्या शेठची गोष्ट सांगणार आहे त्याची माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांचा यात काही दोष नाही. गाव तसं लहान, पण मुन्शिपाल्टी होती, दवाखाना होता, कापसाचं जिनिंग होतं. आणि मशिदीच्या बोळाच्या तोंडाशी रमजानचं दुकान होतं. तिथं माझा जन्म झाला.

रमजान पत्र्याचं काम करणारा. आगगाडीनं जस्ती पत्रा यायचा, तो कापायचा, वळवायचा, ठोकायचा. अंगानं किडकिडीत, बोलायला मोजका, पण हातोडी हातात आली की दहा माणसांचा आवाज करायचा. माझ्या काठात त्यानं तार घातली, दोन कान बसवले, कडी अडकवली. बूड बसवताना मात्र तो थांबला. बाकीचे लोक बुडाची कड एकदा दुमडतात, वरून डाग देतात आणि मोकळे होतात. डाग म्हणजे कथील-शिशाचा जोड, कपड्यावरचा नव्हे. रमजान कड दोनदा दुमडायचा. वेळ दुप्पट, पत्रा जास्त, आणि पाहणाऱ्याला दिसत काहीच नाही.

मग यायची राख. ही त्याच्या बापाची पद्धत होती. पहाटे, फजरच्या नमाजाआधी, चुलीतली कोरडी राख जमिनीवर पसरायची, चाळून, पिठासारखी. त्यावर नवी बादली ठेवून काठोकाठ भरायची. दुपारी जोहरचा नमाज झाला की उचलायची. राखेत एक काळा ठिपका दिसला, तरी ती बादली दुकानाबाहेर जायची नाही. कोरडी राहिली, तर रमजान तिला पालथी घालून बुडावर खिळ्यानं तीन टिपके उठवायचा.

माझी राख कोरडी राहिली. तीन टिपके उठले तेव्हा गुदगुल्या झाल्या. माझं पहिलं पाणी बिस्मिल्लानं, म्हणजे रमजानच्या बायकोनं, दारातल्या लिंबाला घातलं. मला वाटलं, आता मी कुणाच्या तरी घरी जाणार, रोज विहिरीवर जाणार, बायकांच्या गप्पा ऐकणार. कसलं काय.

आठ दिवसांत एक शेठ दुकानी आला. रेशमी टोपी, हातात काठी, पायात करकर वाजणारे जोडे. चार बादल्या पाहिल्या आणि मला उचललं.

"एकच?" रमजाननं विचारलं.

"आते एकच दे. मुन्शिपाल्टीमा वानगी दखाडनी शे."

रमजानच्या डोळ्यांत चमक आली. त्या वर्षी आगीसाठी आणि सार्वजनिक विहिरींसाठी साठ बादल्या घ्यायच्या, असं मुन्शिपाल्टीनं ठरवलं होतं. तशी नोटीस कचेरीच्या दारावर लागली होती, पण ती अशी कडक कागदी मराठीत की वाचणाऱ्यालाही दोनदा वाचावी लागे. रमजानला तर उर्दूची चार अक्षरं येत, बाळबोध येत नव्हती. त्यामुळे त्यानं स्वतः वानगी दिली नव्हती. शेठ आपल्याकडूनच साठ बनवून घेणार, असं त्याला वाटलं. तो घरात वळून बिस्मिल्लाला म्हणाला, "साठ बादल्यास्नं काम येई ऱ्हायनं." तिनं त्या दिवशी शेवया केल्या.

ते काम कधी आलंच नाही.

कचेरीत माझा थाट मात्र पाहण्यासारखा होता. मेजावर पाच ठेकेदारांच्या पाच बादल्या मांडल्या होत्या. सभासद एकेक करून आले आणि तापीच्या वाळूतलं टरबूज पारखावं तसं मला बोटानं वाजवून गेले. पाणी कुणी घातलं नाही. "हा तर रमजानचा हात," एकजण म्हणाला. "त्याचाच," शेठ म्हणाला, "साठही त्याच्याच हातच्या देतो." लिफाफे उघडले, शेठचा दर सगळ्यांत कमी निघाला. उत्तम वानगी आणि कमी दर, म्हणजे दुधात साखर. ठराव पास झाला.

मग मला सुकलालच्या ताब्यात दिलं. सुकलाल भांडाराचा कारकून. नेटका, भित्रा, टोपीचा कोन कधी न बिघडू देणारा. त्यानं माझ्या कडीला दोरा बांधला, गाठीवर लाख ओतून मुन्शिपाल्टीचा शिक्का उठवला. नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र त्यानं माझ्या बुडाला चिकटवली, वर लावली तर पुसली जाईल म्हणून. अगदी तीन टिपक्यांवरच. मग मला जाळीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. करारनाम्यात त्यानं सुंदर अक्षरात लिहिलं, 'वानगीसारख्या साठ बादल्या'. या 'सारख्या' शब्दानं पुढे काय घोळ घातला, ते सांगतेच.

महिन्याभरानं साठ बादल्या आल्या. मी जाळीतून पाहत होते. लांबून अगदी माझ्या बहिणी वाटल्या. सुकलालनं एक, दोन, तीन करत साठ मोजल्या आणि सही केली. एकही पालथी करून पाहिली नाही. मला तिथून ओरडावंसं वाटत होतं, पण बादलीला आवाज पाण्याचा असतो आणि मी कोरडी होते.

फाल्गुनात, भर दुपारी, जिनिंगच्या आवारात आग लागली. दगा पाटलाच्या कापसाच्या सात गाड्या तिथं उभ्या होत्या. दगा पाटील तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी, गावात मान असलेला माणूस. सगळा गाव धावला. विहिरीपासून गाड्यांपर्यंत माणसांची ओळ उभी राहिली, आणि मुन्शिपाल्टीच्या बादल्या हातोहात पुढे जाऊ लागल्या. भरलेली बादली दहाव्या हातात जाईपर्यंत अर्धी व्हायची. विसाव्या हातात पोचेपर्यंत काही बादल्यांची बुडंच गळून पडली. जीव कुणाचा गेला नाही, पण सहा गाड्या जळाल्या. सातवी ओढून काढताना दगा पाटलाचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

हे मी पाहिलं नाही, ऐकलं. कपाटाशेजारीच सुकलालचं मेज होतं आणि गावात जे घडे ते सगळं त्या मेजावर येऊन बोललं जाई.

सगळ्या गावाच्या तोंडी एकच होतं, रमजानच्या बादल्या. शांतीबाई नावाची एक बाई जिनिंगमध्ये कामाला होती. त्या ओळीत तीही उभी होती. ती बूड गेलेली एक बादली घेऊन तडक रमजानच्या दुकानी गेली आणि उंबऱ्यात आपटली.

"ले, तुन्ही बादली तुले. तुन्हा डागमुळे दगा पाटीलना कापूस जळी गया."

रमजाननं बादली उचलली, तिचं लोंबणारं बूड उलटं केलं.

"हाई मन्ही नही शे, बहीण. तीन टिपका कोठे शेतस?"

"टिपका नही केयात म्हनजे पकडात येवाव नही, असंच ना?" शांतीबाई म्हणाली आणि निघून गेली.

शेठकडे लोक गेले, तर तो शांतपणे म्हणाला, "हात त्याचाच. मी माल फक्त पोचवला." झालं. रमजानच्या दुकानापुढून लोक तोंड वळवून जायला लागले. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या भांड्यांना डाग दिले, त्याच्या नावाला डाग लागला. दिवसभर हातोडी वाजेना, आणि तिच्याशिवाय तो बोळ मुका झाला.

रमजाननं सुरतेला गिरणीत जायचं ठरवलं. हत्यारं पोत्यात बांधली. बिस्मिल्ला त्या पोत्यावर बसली आणि उठेना.

"तू सुरत जाशी तं लोके म्हनतीन, चोर व्हता म्हनीसन पळना."

"आठे ऱ्हाइसन काय करू? मन्हा हातले काम नही."

"आधी मुन्शिपाल्टीमा जाय. ती वानगीनी बादली तुन्ही शे. ती देख, मंग जाय."

तो आला. मी त्याला जाळीतून पाहिलं आणि माझं जस्त वितळेल की काय, असं झालं. किती वाळला होता. त्यानं सुकलालला हात जोडून सांगितलं, बादली काढा, बूड पाहू द्या. सुकलालनं मान खाली घातली. "शिक्का मोडायला सभेचा ठराव लागतो, रमजानभाई." मग इकडेतिकडे पाहून हळूच, "मी मोडा तं मन्ही नौकरी जाई." रमजान जाळीपाशी उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. माझं बूड खाली होतं आणि त्यावर चिठ्ठी. तो गेला. सुकलालनं त्या दिवशी डबा उघडला नाही.

आता रमजाननं जे केलं, ते त्यालाच सुचावं. शांतीबाईनं उंबऱ्यात आपटलेली ती बादली त्यानं घेतली. बांधलेलं पोतं सोडलं. बादलीला नवं बूड बसवलं, कड दोनदा दुमडून. पहाटे राखेवर ठेवली, दुपारी उचलली, तीन टिपके उठवले. आणि शांतीबाईच्या दारात नेऊन ठेवली. पैसे मागितले नाहीत.

शांतीबाई पहिल्यांदा हसली म्हणे, फुशारकी मारतोय. पण बादली घरात होती, आणि घरात असलेली बादली बाई वापरतेच. चार दिवस तिनं तिच्यात पाणी भरलं. अंगाचा पत्रा इतका पातळ की बोटानं दाबला तर आत जायचा आणि कानाचा जोड हलायचा. बूड मात्र दगडासारखं. पाचव्या दिवशी ती विहिरीवर त्या बादलीकडे बघत उभीच राहिली. मग बादली डोक्यावर घेऊन, मागे पंधरा-वीस बाया घेऊन, सरळ कचेरीत शिरली.

तिथं अध्यक्षसाहेब बसले होते. पेशानं वकील, पेन्सिल कानावर ठेवून बोलणारे. शांतीबाईनं बादली त्यांच्या मेजावर ठेवली.

"साहेब, हाई देखा. एकच बादली, वरे एकनी, बूड दुसरानं. पानी आम्ही भरतस, आम्हले समजस. ती कपाटमधली काढा. तिन्हं बूड देखू द्या."

अध्यक्षसाहेबांनी बादली उलटसुलट केली, आधी अंगठ्यानं अंग दाबलं, मग बूड. कानावरची पेन्सिल खाली आली. "सोमवारी सभा," ते म्हणाले. "उघड्यावर. आणि शेठना बोलवा."

सोमवारी कचेरीपुढच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेठ आला, टोपी तीच, जोडे तेच. त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. "करारात लिहिलंय, वानगीसारख्या. सारख्या म्हणजे दिसायला सारख्या. पाहा, रंग सारखा, उंची सारखी, कडी सारखी. यात मी कुठं चुकलो?" त्याचं बोलणं ऐकून दोन-तीन सभासद चक्क मान डोलवायला लागले. माझं तर पित्त खवळलं.

अध्यक्षसाहेबांनी सुकलालकडे पाहिलं. "तुम्ही माल घेताना काय पाहिलं?"

सुकलालनं टोपी काढली. त्याला टोपीशिवाय कुणी कधी पाहिलं नव्हतं. "मी मोजल्या, साहेब. पाहिल्या नाहीत. चूक माझी." भित्र्या माणसाच्या तोंडून असं वाक्य निघायला किती बळ लागतं, ते मी जवळून पाहिलंय. त्या दिवसापासून मला तो आवडायला लागला.

मग त्यानं कपाट उघडलं. माझ्या गाठीवरची लाख फोडली. मला उजेडात आणलं, पालथं घातलं आणि ओल्या फडक्यानं चिठ्ठी हळूहळू सोडवली. तीन टिपके दिसले. गर्दीत कुणीतरी मोठा श्वास सोडला. साठांपैकी ज्या शिल्लक होत्या त्या सगळ्या उलट्या केल्या. एकीवरही टिपका नव्हता.

"टिपके काय, कुणीही मारतं," शेठ म्हणाला. पण आता त्याचे जोडे करकरत नव्हते.

"मंग राख आना," रमजान म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

शांतीबाईनं आपल्या चुलीतली राख आणली, चाळली, पटांगणात पाच ढीग पसरले. चार ढिगांवर शेठच्या चार बादल्या, पाचव्यावर मी. सगळ्यांना काठोकाठ भरलं. जोहरपर्यंत थांबायचं ठरलं.

खरं सांगते, मला माझीच खात्री वाटेना. वर्षभर मी कोरड्या कपाटात होते. उन्हाळा खाल्ला होता, थंडी खाल्ली होती. डाग सुटला असेल तर? एक थेंब गळला तर रमजान संध्याकाळच्या गाडीनं सुरतेला, आणि तेही चोर ठरून. मी कड आवळून धरली. पाण्याचा भार किती असतो, ते मी विसरलेच होते.

शेठच्या पहिल्या बादलीनं अर्ध्या घटकेत राख काळी केली. दुसरीनं त्याहून लवकर. चौथीखालून तर ओघळच निघाला आणि शेठच्या जोड्यापर्यंत गेला. त्यानं पाय मागे घेतला, आणि तेव्हा लोक हसले. फार दिवसांनी त्या गावात कुणी हसलं होतं.

अजान झाली. रमजान नमाज पढून आला. मला उचलायला तो पुढे होणार, तेवढ्यात दगा पाटील गर्दीतून आला. उजव्या हाताला अजून पट्टी होती. डाव्या हातानं त्यानं माझी कडी धरून मला उचललं आणि वाकून राखेत बोट घातलं. ती बोटाला चिकटली नाही, भुरभुरली.

"कोरडी शे," तो म्हणाला. मग रमजानकडे वळला. "मी तुले वंगाळ बोलनू, रमजान. बठा गावमा बोलनू. आते बठा गावसमोर सांगस, तुन्हा हात खरा शे."

रमजाननं दगा पाटलाचा पट्टीचा हात दोन्ही हातांत घेतला, जपून. बिस्मिल्ला बायकांच्या गर्दीत होती, तिनं पदर तोंडाला लावला. शांतीबाई तिच्याकडे गेली आणि काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण दोघी रडत होत्या. मी भरलेली होते, नाहीतर मीही.

शेठची अनामत जप्त झाली, बादल्या परत गेल्या, आणि पुन्हा मुन्शिपाल्टीचं काम त्याला मिळालं नाही. साठांचं काम रमजानला द्यायचं, असं सभेनं तिथल्या तिथं ठरवायला घेतलं. तर हा गडी काय म्हणाला असेल?

"असं देऊ नका साहेब. दवंडी द्या, बठा कारागीरसले येऊ द्या. आनि एक बादली देखीसन साठ लेऊ नका. साठनी साठ राखवर ठेवा. मन्ही एक जरी वली व्हयनी, तं बठ्या परत."

अध्यक्षसाहेबांनी पेन्सिल पुन्हा कानावरून काढली. करारनाम्याच्या मसुद्यातला 'वानगीसारख्या' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'राखेवर कोरड्या राहतील अशा'. तालुक्यात त्या दिवशी इतकं साधं मराठी पहिल्यांदाच सरकारी कागदावर आलं असेल. पुढची नोटीस दारावर लागली, तशी बाजारात डफावर अहिराणीतही सांगितली गेली. चार कारागीर आले. रमजानचा दर सगळ्यांत कमी नव्हता, पण त्याच्याच बादल्या राखेवर टिकल्या. साठनी साठ.

तेव्हापासून आमच्या मुन्शिपाल्टीत घेतलेला कुठलाही माल तपासला की 'राख झाली' म्हणतात. दोर असो, कंदील असो, दवाखान्याच्या खाटा असोत. मध्यंतरी पुण्याहून नवे अंमलदार आले. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीत वाचलं, 'चाळीस कंदील आले, चाळीसही राख झाले.' साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आगीची खबर धुळ्याला पाठवायला त्यांनी कागद ओढला, तेव्हा सुकलालनं चाळीस लखलखीत कंदील आणून पुढ्यात मांडले. साहेब हसत हसत खोकले आणि त्यांनीही त्या वहीखाली लिहिलं, 'राख पाहिली'.

आज एकोणीसशे सेहेचाळीस साल आहे. रमजानच्या दाढीत जस्त उतरलंय. त्याची हातोडी अजून वाजते, फक्त मधेमधे दम घेते. गेल्या चैत्रात जिनिंगमध्ये पुन्हा आग लागली. या वेळी त्या साठ बादल्या शंभराव्या हातापर्यंत काठोकाठ भरलेल्या पोचल्या आणि एका गाडीचाही कापूस जळला नाही. दगा पाटील त्या ओळीत पहिला उभा होता, विहिरीपाशी, त्याच भाजलेल्या हातानं दोर ओढत.

आणि मी? मला पुन्हा कपाटात ठेवायला सुकलाल तयार झाला नाही. कचेरीच्या दारात, राखेच्या परातीवर, मी उघडी टांगलेली असते. ना लाख, ना चिठ्ठी. माल घेऊन आलेला ठेकेदार आधी माझ्याकडे बघतो, मग घाम पुसतो. येणाऱ्याजाणाऱ्या बाया मला भरतात, राखेवर ठेवून बघतात आणि त्याच पाण्यानं दारातला लिंब जगवतात. शांतीबाईनं लावलेला आहे तो. चांगला उंच झालाय.

तुम्ही कधी त्या बाजूला आलात, तर मला नुसतं बोटानं वाजवून पुढे जाऊ नका, मला ते मुळीच खपत नाही. आधी पालथी करून माझे तीन टिपके बघा, मग भरा, मग खाली राख बघा. कोरडी असेल. रमजानच्या हातची आहे मी.